नोंदीची नक्कल

बिलिंगच्या वेब ॲपमध्ये जुन्या बिलाशेजारी ‘डुप्लिकेट’ असं बटण असतं. गिऱ्हाईक तेच, माल तोच, मग पुन्हा सगळं कशाला टाइप करायचं, एवढीच त्यामागची अपेक्षा. पण बिलाच्या नोंदीतले कॉलम तीन जातींचे असतात: ओळखीचे, मजकुराचे आणि पुढे काय घडलं त्याचे. नक्कल व्हायला हवी ती फक्त मजकुराची.

प्रायमरी कीची काळजी फ्रेमवर्क घेतं. रेल्सचं ‘डप’ आणि लारावेलचं ‘रेप्लिकेट’ तिला वगळूनच नवं ऑब्जेक्ट देतात. जँगोत ती रिकामी करून सेव्ह केलं की नवी ओळ पडते. मात्र बिल क्रमांक हीसुद्धा ओळखच आहे, हे फ्रेमवर्कला ठाऊक नसतं. जीएसटीच्या 2017 च्या नियमावलीतल्या 46 व्या नियमानुसार तो सलग, जास्तीत जास्त 16 अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव लागतो. तेव्हा या कॉलमवर युनिकचं बंधन हवंच. नाहीतर दोन बिलांचा एकच क्रमांक थेट रिटर्न भरताना समोर येतो.

तिसरी जात सर्वांत दगाबाज. ‘रक्कम मिळाली’ ही खूण नकलेत उतरली, तर न आलेले पैसे जमा दिसतात आणि वसुलीचा फोनच जात नाही. म्हणून माझा आग्रह आहे की यादी काय वगळायचं याची नको, काय घ्यायचं याची करा. सहा महिन्यांनी कुणीतरी टेबलात नवा कॉलम घालतो. वगळण्याची यादी जुनीच राहते आणि तो गुपचूप नकलेत शिरतो. घेण्याच्या यादीत तो राहून गेला, तर रकाना रिकामा दिसतो आणि लगेच कुणीतरी विचारतं.

मालाच्या ओळींचं निराळंच. त्या वेगळ्या टेबलात असल्याने फ्रेमवर्कच्या वर सांगितलेल्या कुठल्याच पद्धतीने आपोआप येत नाहीत. एकेक ओळ नव्या बिलाच्या आयडीला जोडावी लागते. गिऱ्हाइकाची मात्र नक्कल करायची नाही, फॉरेन की तीच ठेवायची. सवलतीची ओळ मालाच्या एखाद्या ओळीकडे बोट दाखवत असेल, तर जुन्या आयडीला कोणता नवा आयडी मिळाला हे टिपून ठेवावं लागतं. नाहीतर नव्या बिलातली सवलत जुन्या बिलातल्या मालाला लागते. हे सारं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्येच काही अडलं तर अर्धवट बिल मागे उरत नाही.

जोडलेल्या फाइलला मात्र ट्रान्झॅक्शन पुरत नाही. कॉलममध्ये असतो नुसता तिचा पत्ता. तो जसाच्या तसा उचलला, तर दोन बिलं एकाच फाइलवर उभी राहतात, आणि नको झालेली नक्कल फाइलसकट डिलीट केली की मूळ बिलाची पावतीही जाते.