बहर ओसरल्यानंतर: ब्रोमेलियाडचा घरगुती इतिहास

शोभेच्या झाडांचा इतिहास हा बहुधा ती पाहणाऱ्या नजरेचाही इतिहास असतो. ब्रोमेलियाड कुळाबाबत हे विशेषत्वाने जाणवते. या कुळातील अननस आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. १४९३ साली तो कोलंबसाला ग्वादेलूप बेटावर आढळला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारतात आणला आणि फळाबरोबर दक्षिण अमेरिकेतला शब्दही पोर्तुगीजमार्गे मराठीत रुजला. त्याच्या भाऊबंदांनी मात्र समुद्र ओलांडला तो रंगासाठी. गुझमानिया १७७६ साली, तर रुपेरी पट्ट्यांची एकमिया १८२८च्या सुमारास युरोपच्या काचगृहांत पोचली.

काचगृहाच्या धन्याला हवा होता तो लाल-गुलाबी तुरा. वस्तुतः हा रंग फुलांचा नसून त्यांना वेढणाऱ्या छदांचा असतो. फुले लहान व अल्पायुषी असतात. छद महिनोन्महिने टिकतात. पुढे तुरा वाळतो आणि झाडही हळूहळू सुकू लागते, कारण पानांचा प्रत्येक गुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो. येथेच बहुतेक कुंड्या कचऱ्यात जातात. तथापि त्याच वेळी बुडाशी फुटवे धरू लागलेले असतात. केळीचे मुनवे ठाऊक असलेल्या आपल्या समाजाला हे नवे वाटू नये.

फुटवा मूळ झाडाच्या निम्म्या उंचीचा होईपर्यंत त्याला वेगळे करू नये. तोवर सुकणारे झाड त्याला पोसत असते. रानात यांतील अनेक जाती इतर झाडांच्या फांद्यांवर, त्यांचा रस न शोषता वाढतात. त्यांची मुळे मुख्यतः आधारापुरती असतात. म्हणून घट्ट मातीऐवजी नारळाचा काथ्या, सालीचे तुकडे असे मोकळे मिश्रण आणि गाळून आलेला उजेड त्यांना मानवतो. पाणी पानांमधल्या पेल्यात घालावे. आपल्याकडे त्यात डास होऊ नयेत म्हणून ते आठवड्याला ओतून बदलावे.

या कुळाच्या अभ्यासालाही असेच फुटवे फुटले, असे म्हणता येईल. बेल्जियममधील लिएजचे प्राध्यापक एदुआर मोरेन यांनी ही झाडे जमवली, त्यांची चित्रे करवून घेतली आणि मोठा ग्रंथ योजला. पण १८८६ साली, तो पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. ती चित्रे लंडनच्या क्यू उद्यानाने घेतली. त्यांच्या आधाराने बेकर यांचा ग्रंथ १८८९ साली निघाला. १८९६ साली कार्ल मेझ यांनी या कुळाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला.

साहित्याच्या इतिहासातही आपण बहराचीच नोंद ठेवतो आणि ओसरत्या काळाला ऱ्हास म्हणून मोकळे होतो. आमच्या मते, निकाल देण्यापूर्वी बुडाशी पाहण्याची सवय कुंडीइतकीच आपल्या अभ्यासालाही उपयोगाची आहे.