१८ ऑगस्ट १८६८ : हेलियम ‘त्या दिवशी’ सापडला का?

ऑगस्टचा तिसरा आठवडा आला की दिनविशेषांच्या यादीत एक ओळ हमखास दिसते : ‘१८ ऑगस्ट १८६८ - विजयदुर्ग किल्ल्यावरून नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला.’ तुम्हीही ती वाचली असेल, कदाचित पुढे पाठवलीही असेल. विजयदुर्गावर त्या तारखेला हेलियम दिनही साजरा होतो आणि ‘साहेबाचे ओटे’ आवर्जून दाखवले जातात.

माझं रोजचं काम वर्णपटांशी, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपीशी निगडित आहे. त्यामुळे हेलियमच्या त्या पिवळ्या रेषेशी माझी ओळख जुनी आहे. पण वरच्या ओळीतले तीन तुकडे, म्हणजे तारीख, जागा आणि माणूस, एकत्र बसत नाहीत. ते सुटे केले की गोष्ट अधिक रंजक होते, आणि संशोधन प्रत्यक्षात कसं चालतं तेही कळतं. म्हणून ही पोस्ट.

त्या मंगळवारी काय झालं?

१८ ऑगस्ट १८६८ हा मंगळवार होता. सूर्यग्रहण म्हणजे अमावस्या आलीच, आणि ही श्रावणातली अमावस्या होती, म्हणजे आपल्याकडची पोळ्याची तिथी. त्या दिवशी चंद्राची सावली एडनवरून अरबी समुद्र ओलांडून कोकण किनाऱ्यावर आली. तिथून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असं दख्खन आडवं कापून ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि पुढे सयामकडे, म्हणजे आजच्या थायलंडकडे गेली. खग्रास स्थिती जिथे सर्वांत जास्त वेळ होती, तिथे ती पावणेसात मिनिटांहून थोडी अधिक टिकली. खग्रास ग्रहणासाठी हा फार मोठा अवधी आहे.

या ग्रहणाची एवढी तयारी का झाली, ते समजायला नऊ वर्षं मागे जावं लागेल. १८५९ च्या सुमारास किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्य तापवल्यावर आपापल्या ठरावीक रंगांच्या रेषा देतं. म्हणजे ज्वाळेचा प्रकाश लोलकातून पसरवला तर ती कशाची आहे हे हात न लावता सांगता येतं. मग हेच सूर्याला का लावू नये? खग्रास ग्रहणात काळ्या चकतीच्या कडेला लालसर ज्वाळा दिसतात. त्या नेमक्या काय आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. स्पेक्ट्रोस्कोप हातात आल्यानंतर एवढं लांब ग्रहण चालून येणं ही मोठीच संधी होती.

म्हणून सावलीच्या पट्ट्यात ठिकठिकाणी माणसं बसली. गुंटूरला फ्रान्सचे पियेर जान्सेन होते आणि ब्रिटिश सैन्यातले मेजर टेनंटही होते. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे त्याच नावाच्या प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाचा मुलगा. मद्रास वेधशाळेचेच चिंतामणी रघुनाथाचारी यांनी वनपर्तीहून वेध घेतले. आदल्याच वर्षी एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावलेला हा माणूस आपल्या दिनविशेषांत सहसा भेटत नाही.

भर पावसाळ्यातलं ग्रहण असल्यामुळे ढगांची धास्ती सगळ्यांनाच होती. जमखंडीला हर्शेल यांना ढगांनी चांगलंच छळलं. तरीही वेध मिळाले आणि मुख्य प्रश्नाचं उत्तर त्याच सकाळी लागलं. ज्वाळांच्या वर्णपटात अखंड पट्टा नव्हता, सुट्या तेजस्वी रेषा होत्या. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या, आणि त्यातला मुख्य वायू होता हायड्रोजन.

१८ ऑगस्टची खरी बातमी ही होती. हेलियम त्यात कुठेच नव्हता.

मग पिवळी रेषा?

ती दिसली, आणि एकाहून जास्त जणांना दिसली. पण वर्णपटाच्या पिवळ्या भागात सोडियमची रेषा असते हे सगळ्यांना पाठ होतं. फ्राउनहोफरने तिला ‘डी’ हे अक्षर दिलेलं होतं. त्यामुळे बहुतेकांनी पिवळं दिसलं की ‘डी’ लिहिलं आणि पुढची रेषा पाहायला घेतली. पॉगसन यांनी मात्र ती डी च्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ असल्याची नोंद केली.

त्यांना नावं ठेवण्याआधी आकडे बघा. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत. हेलियमची रेषा ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी. हातात मोजकी मिनिटं, अंधार, वर ढग, आणि त्यात हा फरक नेमका मोजायचा! आज माझ्या प्रयोगशाळेतला साधा स्पेक्ट्रोमीटर तो सेकंदात दाखवतो, पण त्यामागे दीडशे वर्षांची उपकरणं आहेत.

जान्सेन यांना त्या दिवशी वेगळीच गोष्ट सुचली. रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असं त्यांच्या लक्षात आलं. यामागचं तत्त्व साधं आहे. दिवसा सूर्याच्या कडेचं आकाश उजळलेलं असल्यामुळे ज्वाळा दिसत नाहीत. पण त्या आकाशाचा प्रकाश सगळ्या रंगांचा असतो. स्पेक्ट्रोस्कोपने जितका जास्त पसरवाल, तितका तो फिका पडत जातो. ज्वाळेचा प्रकाश मात्र दोनचार रेषांतच एकवटलेला असल्याने पसरूनही तेजस्वी राहतो. जान्सेन यांनी दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, लख्ख उन्हात ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. पुढचे कित्येक दिवस ते गुंटूरलाच हे वेध घेत राहिले. सौरज्वाळा बघायला ग्रहणाची वाट पाहण्याची गरज संपली ती त्या १९ तारखेला. तिचा दिनविशेष कुणी करत नाही!

लंडनमधला कारकून

आता लॉकियर. १८६८ मध्ये ते इंग्लंडच्या युद्धखात्यात कारकुनी करत आणि उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास करत. १८ ऑगस्टला ते विजयदुर्गात नव्हते. भारतातच नव्हते. ग्रहणाविना ज्वाळांच्या रेषा बघण्याची कल्पना त्यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती, पण त्यासाठी लागणारा ताकदवान स्पेक्ट्रोस्कोप बनून यायला उशीर झाला. तो आला ऑक्टोबरमध्ये, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला लॉकियर यांना लंडनमधून त्या रेषा दिसल्या.

तिकडे जान्सेन यांचं पत्र भारतातून पॅरिसकडे निघालं होतं. सुएझ कालवा खुला व्हायला अजून एक वर्ष बाकी होतं. पत्र वाटेत असतानाच लॉकियर यांनी आपली बातमी पॅरिसला कळवली, आणि फ्रेंच विज्ञान अकादमीच्या २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत दोघांच्या शोधाची वार्ता पोचली. भांडण पेटायला याहून चांगला मुहूर्त नसता. पण अकादमीने दोघांना बरोबरीचा मान दिला, आणि पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. लक्षात घ्या, हे पदक ग्रहणाविना ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीसाठी होतं. हेलियमसाठी नव्हे.

पिवळ्या रेषेचा माग मात्र लॉकियर यांनी सोडला नाही. रोज सूर्य हाताशी असल्यामुळे त्यांना घाई नव्हती. ही रेषा सोडियमच्या दोन्ही रेषांशी जुळत नाही हे त्यांनी दाखवलं आणि तिला ‘डी-३’ म्हटलं. मग रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर नाना प्रयोग केले, की वेगळ्या दाबाला, वेगळ्या तापमानाला हायड्रोजनच ही रेषा देतो का? नाही देत. म्हणजे हे काहीतरी नवंच. ‘हेलियम’ हे नाव छापून आलं ते १८७१ मध्ये, विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांच्या भाषणात. हेलिओस म्हणजे सूर्य.

तुम्ही विचाराल, सूर्याचा वर्णपट तर फ्राउनहोफरपासून सगळे बघत होते, त्यात ही रेषा आधी कशी सापडली नाही? उत्तर हेलियमच्या स्वभावात आहे. ही पिवळी रेषा निघण्यासाठी हेलियमच्या अणूला आधी प्रचंड ऊर्जा मिळून उंच पातळीवर चढावं लागतं. सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो, तो त्यासाठी पुरेसा तप्त नाही. म्हणून साध्या सूर्यप्रकाशात हेलियमची ठळक काळी रेषा उमटत नाही. ती दिसते कडेच्या ज्वाळांमध्ये. ग्रहणाने आपल्याला नेमकं तिथे बघायला लावलं, आणि हे त्या दिवसाचं मोठं देणं आहे.

सत्तावीस वर्षं

नाव मिळालं तरी विश्वास मिळाला नव्हता. पृथ्वीवर ज्याचा कण नाही असं मूलद्रव्य एका रेषेवरून मानायचं? अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटणं शक्यच नव्हतं, आणि त्यांची शंका रास्त होती.

ही कोंडी फुटली १८९५ च्या मार्चमध्ये. लंडनमध्ये विल्यम रॅमसे अरगॉनच्या शोधात होते. क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकून निघालेला वायू त्यांनी तपासला आणि त्यात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. क्रुक्स यांनी मोजून सांगितलं : ही डी-३ आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथे क्लीव्ह आणि लांग्ले यांनीही त्याच सुमारास हा वायू मिळवला आणि त्याचा अणुभार काढला. लॉकियर तेव्हा हयात होते. आपली रेषा खरी ठरलेली त्यांना बघायला मिळाली.

आता सांगा, शोधाची तारीख कोणती? १८ ऑगस्ट, १९ ऑगस्ट, २० ऑक्टोबर, १८७१, की मार्च १८९५?

विजयदुर्ग कुठून आला?

विजयदुर्गाचा लॉकियर यांच्याशी संबंध अगदी खरा आहे, फक्त तो तीस वर्षं नंतरचा आहे. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा एक खग्रास सूर्यग्रहण आपल्या भागातून गेलं, आणि त्यासाठी लॉकियर आपली तुकडी घेऊन विजयदुर्गाला आले. ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना शिकवून त्यांनी वेधांच्या कामाला लावलं होतं. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला वेध घेत होते, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तिथेच आलेले होते.

एकाच किनाऱ्यावरून गेलेली दोन ग्रहणं, आणि दुसऱ्याच्या वेळी ‘हेलियमवाले’ लॉकियर प्रत्यक्ष किल्ल्यावर. पुढच्या पिढ्यांच्या आठवणीत दोन्हीची गाठ पडली असावी, असा माझा अंदाज आहे. यात कुणी मुद्दाम खोटं सांगितलं असं वाटत नाही.

मग एवढं कशाला उकरायचं, असं कुणी म्हणेल. मुलांना विज्ञानाची गोडी लागते, किल्ल्यावर लोक येतात, बिघडलं काय? माझ्या मते दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे, चुकीच्या गोष्टीमुळे खऱ्या गोष्टी झाकल्या जातात. विजयदुर्गाचं १८९८ आपण सांगतच नाही. जेऊरचं नाव खुद्द सोलापूर जिल्ह्यात किती जणांना ठाऊक असेल? नायगमवाला आणि रघुनाथाचारी यांच्यासाठी जागाच उरत नाही. दुसरं म्हणजे, मुलांच्या मनात शोधाचं चित्र असं बसतं की साहेब ओट्यावर उभा राहिला, दुर्बीण लावली आणि सापडलं! मग उद्या संशोधनाला लागल्यावर चार वर्षं काहीच ‘सापडत’ नाही, तेव्हा ती पोरं स्वतःलाच नालायक समजायला लागतात. माझ्या आजूबाजूला अशी मुलं मी रोज बघतो. त्यांना पॉगसनचं ते ‘अगदी जवळ’ सांगितलं पाहिजे, आणि ती सत्तावीस वर्षंही.

सगळ्याच तारखा फसव्या असतात असं मात्र नाही. हेलियम पहिल्यांदा द्रवरूप झाला तो १० जुलै १९०८ ला, लायडनमध्ये, कामरलिंग ओनस यांच्या प्रयोगशाळेत. पहाटे सुरू झालेलं काम संध्याकाळी फळाला आलं. तिथे एका दिवसाकडे बोट दाखवता येतं, जरी त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती. एमआरआयच्या चुंबकांपर्यंत पोचणारा रस्ता त्या दिवसापासून सुरू होतो.

१८ ऑगस्ट नीट कसा साजरा करावा, हे थायलंडकडे बघून कळतं. त्यांचे राजे मोंगकुट यांनी १८६८ च्या त्याच ग्रहणाचं गणित स्वतः मांडलं आणि पाहुण्यांना वाकोला बोलावून ते दाखवलं. तिथे त्यांना मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबरला त्यांचं निधन झालं. थायलंड आजही १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो, आणि त्यामागची गोष्ट खरी आहे.

आपणही विजयदुर्गावर जमावं, जरूर जमावं. फक्त ओट्यांपाशी उभं राहून मुलांना १८९८ ची गोष्ट सांगावी, १८६८ साठी गुंटूर आणि जमखंडीकडे बोट दाखवावं आणि एखादा साधा स्पेक्ट्रोस्कोप त्यांच्या हातात द्यावा. जुन्या सीडीचा तुकडा आणि पुठ्ठ्याचा खोका एवढ्यावर तो बनतो. तो सूर्याकडे रोखायचा नाही, घरातल्या वेगवेगळ्या दिव्यांवर धरायचा. प्रत्येक दिव्याच्या रेषा वेगळ्या का दिसतात, हे विचारणारं एक जरी पोर निघालं, तरी त्या दिवसाचं काम झालं.