घरखरेदीतील मध्यस्थ कोणाचा? : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : मांजरी, पुणे)

प्रस्तावना

घर घेणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होय. या व्यवहारात विक्रेता, खरेदीदार आणि मध्यस्थ असे तीन घटक असतात. पहिल्या दोघांचे हितसंबंध उघड असतात. तिसऱ्याचे मात्र क्वचितच तपासले जातात. केवळ खरेदीदाराचेच प्रतिनिधित्व करणारा मध्यस्थ ही कल्पना अमेरिकेत आकारास आली. आपल्याकडे ती का रुजली नाही आणि तिची जागा कोणी भरून काढली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मांजरी : शेतीपासून सदनिकेपर्यंत

हडपसरच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी वसलेले मांजरी बुद्रुक हे मूलतः शेतीचे गाव. ऊस व साखर उद्योगासाठी १९७५ साली स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या संस्था येथे असणे, ही त्या शेतीपरंपरेचीच खूण आहे. हडपसर परिसरातील उद्योग आणि पुढे मगरपट्टा येथील नगरवसाहत यांमुळे शहर पूर्वेकडे सरकले. जून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत जी २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत मांजरी बुद्रुकचा समावेश होता.

अशा गावात सदनिका घेणाऱ्यापुढे प्रश्नांची साखळीच उभी राहते. जमीन बिनशेती झाली आहे काय? सातबाऱ्यावर इतर हक्कांत कोणाची नावे आहेत? बांधकाम परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाची, २०१५ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची की महापालिकेची? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे प्रथम मागितली जातात तो एजंट असतो. नव्या प्रकल्पांत त्याचा मोबदला सामान्यतः बांधकाम व्यावसायिक देतो. तेथे ‘चॅनेल पार्टनर’ हे त्याचे प्रचलित नावच त्याची बाजू स्पष्ट करते. जुन्या सदनिकेच्या पुनर्विक्रीत तो पुष्कळदा दोन्ही पक्षांकडून दलाली घेतो. विसारपावती होईपर्यंत खरेदीदाराच्या बाजूने बोलणारा असा कोणीच नसतो.

कायद्यातील मध्यस्थ

भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये अभिकर्ता व मालक यांच्या संबंधांचे विवेचन आहे. मालकाची संमती न घेता व महत्त्वाच्या बाबी त्यास न कळविता अभिकर्त्याने स्वतःच्या हितासाठी व्यवहार केल्यास, विशिष्ट परिस्थितीत मालकास तो व्यवहार नाकारता येतो. निष्ठेचे तत्त्व अशा रीतीने कायद्यात प्रारंभापासूनच आहे. परंतु खरेदीदार हा एजंटचा ‘मालक’ आहे, हे आधी सिद्ध व्हावे लागते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ ने विक्रेत्यावर दोष उघड करण्याची जबाबदारी टाकली. मात्र सामान्य दक्षतेने जे कळू शकते ते खरेदीदारानेच पाहावे, असेही गृहीत धरले.

महाराष्ट्रातील मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या १९६३ च्या अधिनियमाने प्रवर्तकावर बंधने घातली; मध्यस्थ मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिला. त्याला प्रथम कक्षेत आणले ते स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने. या कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्री करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची झाली. महारेराने २०२३ साली प्रशिक्षण व परीक्षाही अनिवार्य केली.

या कायद्यातील व्याख्या बारकाईने वाचण्याजोगी आहे. एका व्यक्तीच्या वतीने तिची मालमत्ता दुसऱ्यास, किंवा दुसऱ्याची मालमत्ता तिला मिळवून देण्यासाठी काम करणारा तो एजंट, असे तीत म्हटले आहे. म्हणजे खरेदीदाराच्या एजंटला तत्त्वतः स्थान आहे. परंतु दोघांची केवळ गाठ घालून देणाऱ्यासही हीच व्याख्या लागू होते. परिणामी नोंदणी होते. बाजू मात्र ठरत नाही. शिवाय पुनर्विक्रीचे बहुसंख्य व्यवहार या चौकटीबाहेरच राहतात.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेतही दीर्घकाळ खरेदीदारास घर दाखविणारा दलाल कायद्याच्या दृष्टीने विक्रेत्याचाच उपअभिकर्ता मानला जाई. तो आपल्याच बाजूचा आहे असा बहुसंख्य खरेदीदारांचा समज असल्याचे तेथील संघीय व्यापार आयोगाच्या १९८३ च्या अहवालात आढळले. त्यानंतर प्रतिनिधित्व लेखी उघड करण्याचे नियम आले आणि केवळ खरेदीदारांसाठी काम करणारे व्यावसायिक संघटित झाले. ऑगस्ट २०२४ पासून, न्यायालयीन तडजोडीनुसार, राष्ट्रीय दलाल संघटनेशी संलग्न यंत्रणेत घर दाखविण्यापूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करणे आवश्यक झाले. अर्थात बाजू स्पष्ट झाली तरी मोबदला कोणी द्यावा, हा वाद तेथेही पूर्णपणे मिटलेला नाही.

महाराष्ट्रातील पर्यायी परंपरा

महाराष्ट्रात खरेदीदाराची बाजू व्यक्तीपेक्षा संस्थेने उचलली. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तेथे राहणारेच संघटित होऊन घरांचे कर्ते झाले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि गृहबांधणी ही ‘सेवा’ असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निर्णय यांनी तिला कायदेशीर बळ दिले. तथापि चळवळ व न्यायालय यांचा आधार बहुधा फसवणूक झाल्यानंतर मिळतो. व्यवहारापूर्वी दस्तांचा शोध घेणारा वकील हाच आपल्याकडील खरेदीदाराचा खरा प्रतिनिधी. पण पुष्कळदा त्याच्याकडे जाण्यापूर्वीच विसार दिला गेलेला असतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, आपल्या कायद्याने प्रथम विक्रेत्याला, नंतर बांधकाम व्यावसायिकाला व अखेरीस एजंटला जबाबदार धरले. परंतु ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न एजंटला विचारला नाही. एजंटने पहिल्याच भेटीत आपण कोणाच्या वतीने काम करतो व मोबदला कोणाकडून घेतो हे लेखी द्यावे, एवढी एक तरतूदही परिणामकारक ठरेल. ती होईपर्यंत मांजरीसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या गावात खरेदीदाराने विसार देण्यापूर्वी स्वतंत्र वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा आणि एजंटचा सल्ला हा समोरच्या पक्षाचा सल्ला समजूनच ऐकावा, हेच श्रेयस्कर होय.