पित्त
कोळंबी खाऊन अंगावर गांधी उठल्या, की लालबाग-गिरगावात आजही ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात. आयुर्वेदातला शब्द ‘शीतपित्त’. रोजच्या बोलण्यात नुसतं ‘पित्त’ उरलं. यकृतातल्या पित्ताशी मात्र या गांधींचं नातं नाही. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, केशवाहिन्या पाझरतात आणि कातडी फुगते. पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये या पेशींना जर्मन ‘मास्ट’वरून, म्हणजे चारून पुष्ट करणे यावरून, नाव दिलं, आतले कण त्यांना पोषणाचे वाटले. ते निघाले जंत आणि विषांविरुद्धचा दारूगोळा! तरी ‘पित्त’ मला प्रिय आहे. अंगाची आग त्यात नेमकी उतरते. दादरच्या औषधाच्या दुकानात ‘पित्ताची गोळी’ मागताना एवढं सांगावं: पोटातल्या की अंगावरच्या.