यादव, सुरेखा
यादव, सुरेखा : (२ सप्टेंबर १९६५ – ). भारतातील पहिल्या महिला रेल्वे इंजिनचालक. जन्म सातारा येथे, शेतकरी कुटुंबात. माहेरचे आडनाव भोसले. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन १९८९ मध्ये त्या मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून रुजू झाल्या. आरंभी मालगाड्या, २००० मध्ये मुंबईची महिला विशेष लोकल व पुढे घाटातील गाड्या त्यांनी चालविल्या. कर्जत–लोणावळा दरम्यानच्या बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ असल्याने गाडीला मागून जादा इंजिने लावतात. तेथील चालन कसबाचे मानले जाते. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुणे–मुंबई ‘डेक्कन क्वीन’, तर १३ मार्च २०२३ रोजी सोलापूर–मुंबई ‘वंदे भारत’ चालविली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या.