ठेक्याच्या करारनाम्यावर भाष्य : इतवारीची प्रत

नागपूरच्या इतवारीत घर बांधायचे म्हणजे बहुधा आधी एक घर पाडायचे. मोकळा भूखंड इथे शोधून सापडत नाही. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, समोर हातगाड्यांनी भरलेली ओळ (म्हणजे गल्ली), खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशा जागेवर ठेकेदार येतो आणि स्टँपपेपरवर टाइप केलेली दोन पाने पुढे ठेवतो. खालचा मसुदा कुणा एका ठेकेदाराचा नाही. अशा कागदांत ज्या ओळी पुन्हा पुन्हा भेटतात, त्या ओळीने लावून मी तो केला आहे.

मीमांसक वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद करतात. विधी काय करायचे ते सांगतो, अर्थवाद नुसती स्तुती किंवा निंदा करतो. हा भेद ठेक्याच्या कागदाला चपखल लागू पडतो. कसोटी साधी आहे : तुम्हाला किंवा ठेकेदाराला न ओळखणारा तिसरा माणूस टेप, वजनकाटा आणि कॅलेंडर घेऊन आला, तर वाक्य पाळले गेले की नाही हे त्याला सांगता येईल का? येत असेल तर तो विधी. बाकी सगळा अर्थवाद, मग तो कितीही ठळक अक्षरांत असो.

१. “मौजा नागपूर, इतवारी येथील घराचे बांधकाम करण्याबाबत हा करारनामा ठेकेदार व घरमालक यांच्यात आज रोजी झाला.”

‘घरमालक’ हे एकवचन आधी तपासावे. इथली बरीच घरे वाटणी न होता पिढ्यांतून खाली आलेली असतात. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आजोबांचे नाव, राहतो नातू, आणि काकांचे वारस पुण्याला. एकाने सही केली आणि दुसऱ्याने हरकत घेतली की काम थांबते. थांबलेल्या कामाची नुकसानी मात्र ठेकेदार सही करणाऱ्याकडेच मागतो. म्हणून आखीव पत्रिकेची ताजी प्रत, सर्व हिस्सेदारांची लेखी संमती, आणि जमीन नझूलची (सरकारी) असेल तर पट्ट्याची मुदत व अटी हे सगळे सहीच्या आधी पाहावे. खाली जुना भाडेकरू दुकानदार असेल तर त्याच्याशी काय ठरले तेही.

‘घराचे बांधकाम’ म्हणजे कोणत्या नकाशाचे? मंजूर नकाशाचा क्रमांक व तारीख हवी आणि नकाशाची प्रत दोघांच्या सह्यांनिशी जोडलेली हवी. “एक मजला जास्तीचा काढून देतो, नंतर बघू” ही तोंडी ऑफर इतवारीत नवी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली विनापरवानगी बांधकाम हा गुन्हा आहे. शिवाय भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ प्रमाणे ज्याचा हेतू बेकायदा तो करारच शून्य ठरतो. म्हणजे त्या मजल्याचे काम बिघडले तर कागद दाखवून दाद मागायलाही जागा राहत नाही.

स्टँपबद्दल एवढेच : ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांच्या जागी ५०० आले, आणि बांधकाम ठेक्याचे शुल्क रकमेबरोबर वाढते. कमी मुद्रांकाचा कागद फरक आणि दंड भरल्याशिवाय न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही.

२. “जुने बांधकाम पाडून मलबा हटविण्याची जबाबदारी ठेकेदाराची राहील.”

इतवारीच्या कागदातली ही सर्वांत महाग ओळ, आणि तीच सर्वांत घाईने वाचली जाते. मलबा त्याचा, हे ठरले. पण जुन्या घरातले सागवानी खांब, तुळया, चौकटी, लोखंडी कठडा हा मलबा की माल? कागद गप्प आहे, आणि गप्प कागदाचा फायदा ज्याच्या हातात घण तो घेतो. पाडण्याआधी लाकडाची यादी करावी, लांबी-जाडीसकट. ते मालकाचे राहणार की ठेकेदार घेऊन तेवढी रक्कम वळती करणार, हे लिहावे.

दुसरी गोष्ट शेजारची भिंत. नागपूरच्या काळ्या मातीत पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. जुनी माती-विटांची घरे उथळ पायावर उभी असतात. आपला खड्डा त्यांच्या पायाच्या खाली गेला की शेजारचे घर तडकते. भिंत सामाईक असेल तर प्रश्न आणखी अवघड. खोदकाम एकदम करायचे की तुकड्या-तुकड्याने, टेकू कोण देणार, स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी पद्धत दिली आहे का, आणि शेजाऱ्याची नुकसानी कुणाच्या खिशातून, या चार प्रश्नांची उत्तरे ओळीत हवीत. शेजारच्या भिंतींचे तारखेसह फोटो, शेजाऱ्याच्या सहीने, काम सुरू होण्याआधी काढावेत. तडा जुना की नवा हा वाद पुढे फक्त त्या फोटोंवर मिटतो.

३. “बांधकाम विथ मटेरियल, दर चौरस फुटास रु. ……… प्रमाणे राहील.”

सगळी घासाघीस टिंबांच्या जागेवर होते. दर पन्नास रुपयांनी उतरवून मालक खूश होतो. पण पैसा दरात कमी आणि ‘चौरस फूट’ या शब्दांत जास्त दडलेला आहे. कशाचे चौरस फूट? स्लॅबचे? भिंतीच्या बाहेरून मोजलेल्या मजल्याचे? सज्जा धरायचा का, जिन्याची टोपी, वरची पाण्याची टाकी, पॅरापेट?

हिशेब करून पाहा. समजा जागा २० बाय ४० फूट, तीन स्लॅब, दर २,००० रुपये. पुढच्या बाजूला ३ फुटांचा सज्जा, म्हणजे प्रत्येक स्लॅबला ६० चौरस फूट, तिन्ही मिळून १८०. सज्जा पूर्ण दराने मोजला तर ३ लाख ६० हजार, अर्ध्या दराने मोजला तर १ लाख ८० हजार. दरात पन्नास रुपये उतरवून २,४०० चौरस फुटांवर १ लाख २० हजार वाचवले होते. ते एका सज्ज्याने खाल्ले. मोजणीचा नियम दराच्या आधी लिहावा, आणि नकाशावरून मजलावार आकडे काढून एकूण क्षेत्रफळ करारातच नोंदवावे. मग मोजायला भांडण उरत नाही.

‘विथ मटेरियल’चा दुसरा पदर कराचा. नोंदणीकृत ठेकेदाराने मालासकट काम घेतले की त्याच्या बिलावर १८ टक्के जीएसटी बसतो. स्वतंत्र एकल घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला, ज्याला आपल्याकडे लेबर रेट म्हणतात, सूट आहे. खाली दुकान असेल तर ही सूट संपूर्ण कामाला लागेलच असे धरू नये. म्हणून दरापुढे ‘सर्व करांसह’ किंवा ‘कर वेगळा’ यांपैकी एक हवेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांच्या कागदात भाववाढीचे कलम होते पण भाव उतरल्यावर काय हे नव्हते, त्यांना त्या कपातीवर कागदाच्या जोरावर हक्क सांगता आला नाही. फरक दोन्ही दिशांनी चालायला हवा.

अरुंद ओळींत मिक्सरची गाडी शिरत नाही आणि माल रात्री उतरवावा लागतो. चौकातून जागेपर्यंत डोक्यावरून वाहण्याची मजुरी दरात आहे की नाही, हेही इथेच लिहावे.

४. “सर्व माल उत्तम दर्जाचा व आय. एस. आय. मार्कचा वापरण्यात येईल.”

शुद्ध अर्थवाद. वाळूला मार्क कुठून येणार? या ओळीचा विधी करायचा तर तिचे तुकडे करावे लागतात.

काँक्रीट : भारतीय मानक ४५६ (सन २०००) आर.सी.सी.साठी एम-२० हून हलके काँक्रीट मान्य करत नाही. प्रमाणावर मिसळायचे झाल्यास एम-२० साठी ५० किलोच्या एका पोत्याला रेती-गिट्टी मिळून २५० किलो आणि पाणी ३० लिटर अशी मर्यादा त्यात आहे. पाणी जास्त घातले की माल सहज पसरतो, मजुरी वाचते आणि ताकद जाते. म्हणून ‘बादल्या मोजून’ हे दोन शब्द करारात असावेत. प्रत्येक स्लॅबच्या वेळी १५ सेंटिमीटरचे क्यूब भरून २८ दिवसांनी तपासायचे, आणि तपासणीचा खर्च कुणाचा, तेही.

लोखंड : ग्रेड (उदाहरणार्थ एफई ५०० डी) आणि भारतीय मानक १७८६ लिहावे. १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ८८८ ग्रॅम भरते, म्हणजे १२ मीटरची सळई साडेदहा किलोच्या थोडी वर. लोखंडाचे दुकान हाकेच्या अंतरावर असलेल्या इतवारीत काट्यावर सळई ठेवायला कुणाची ना नसावी. जो ठेकेदार याला नाराज होतो त्याच्याबद्दल तेवढ्यातच कळते.

रेती कन्हानची, असे सगळेच म्हणतात. त्यापेक्षा चाळलेली, मातीविरहित, आणि ब्रास मोजायचा तो गाडीत की जागेवर, हे लिहिलेले बरे. विटा लाल की फ्लाय-अॅशच्या, हेही ठरवून टाकावे.

आणि पाणी मारणे. कोरड्या उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले राहिले पाहिजे असे तेच मानक सांगते. नागपूरच्या मे महिन्यात ही अट म्हणजे टँकरचा खर्च. तो कुणाचा? ज्याचा खर्च त्याला पाणी मारायची घाई नसते, हे गृहीत धरून लिहावे.

५. “रक्कम कामाच्या प्रगतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने द्यावी.”

‘प्रगती’ कोण ठरवणार? टप्पे नेमके हवेत : जोते, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी-नळ-वीज, ताबा. ठेकेदाराला पैसा स्लॅबच्या टप्प्यांवर जास्त हवा असतो, कारण तो भाग झपाट्याने उरकतो. ते पैसे घेऊन तो दुसऱ्या साइटवर गेला की प्लास्टर रेंगाळते. म्हणून स्लॅबच्या टप्प्यांना थोडे कमी आणि शेवटच्या दोन टप्प्यांना थोडे जास्त ठेवावे. जोत्याच्या हप्त्याला मनपाचा जोते-तपासणी दाखला, शेवटच्या हप्त्याला भोगवटा प्रमाणपत्र जोडावे. प्रत्येक बिलातून ५ टक्के रोखून दोष-दुरुस्तीच्या मुदतीनंतर द्यावेत. गृहकर्ज असेल तर बँकेचे हप्ते आणि करारातले टप्पे जुळतात का, हे आधी पाहावे. बँक आपल्या मूल्यांककाचे ऐकते, तुमच्या ठेकेदाराचे नाही.

६. “काम बारा महिन्यांत पूर्ण करण्यात येईल, नैसर्गिक आपत्ती व इतर अपरिहार्य कारणे वगळून.”

पूर्वार्ध विधी, उत्तरार्ध त्याचा काळ. ‘इतर अपरिहार्य कारणे’ यात मजूर गावाला गेले हेही बसते. कारणांची यादी बंद करावी. पावसाळा दरवर्षी येतोच, तो आपत्ती नव्हे.

बारा महिने कधीपासून? सहीपासून, पाडकाम संपल्यापासून, की परवानगी हाती आल्यापासून? आणि वेळ चुकली तर? करार अधिनियमाचे कलम ५५ सांगते, वेळ हा कराराचा गाभा असेल तर वेळ चुकल्यावर करार मोडता येतो, नसेल तर फक्त नुकसानी मागता येते. नुसते ‘वेळ हा कराराचा गाभा आहे’ असे लिहून भागत नाही. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्या करारात मुदतवाढीची आणि विलंबाच्या दंडाची सोय आहे, तिथे वेळ गाभा असल्याचा दावा सहसा टिकत नाही. तिथे सरकारने ठेका मोडला होता आणि ते चूक ठरले. मालकाने यातून घ्यायचे ते असे : करार मोडण्याचा हक्क हवा असेल तर तो वेगळ्या वाक्यात, नोटिशीच्या दिवसांसह लिहावा.

दंडाचा आकडा लिहावाच, पण कलम ७४ प्रमाणे तो कमाल मर्यादा ठरतो. न्यायालय त्याच्या आत वाजवी तेवढेच देते. म्हणून अवास्तव आकड्याचा उपयोग नाही. कलम ७३ खालचे एक उदाहरण घर बांधणाऱ्यांनी जरूर वाचावे : बांधकाम करणाऱ्याने ठरलेल्या तारखेला घर पुरे करायचे असते, मालकाने ते पुढे भाड्याने देण्याचे ठरवलेले असते, घर इतके वाईट बांधले जाते की ते पडते. तिथे मालकाला पुन्हा बांधण्याचा खर्च मिळतो, शिवाय बुडालेले भाडे आणि भाडेकरूला द्यावी लागलेली भरपाईही. पण त्या उदाहरणात एक अट आहे : भाड्याचा करार बांधणाऱ्याला सांगितलेला होता. खालचे दुकान दिवाळीला भाड्याने जायचे असेल तर ते भाडे आणि ती तारीख ठेक्याच्या कागदात लिहिलेली असावी. न सांगितलेले नुकसान मागताना मालक अडचणीत येतो.

७. “जादा काम झाल्यास त्याचा मोबदला वेगळा द्यावा लागेल.”

न्याय्य ओळ, अपुरी. लेखी आदेशाशिवाय जादा काम नाही आणि दर जोडलेल्या दरपत्रकाप्रमाणे, एवढे जोडावे. नाहीतर करार अधिनियमाचे कलम ७० आहेच : फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेतला तर मोबदला द्यावा लागतो. तोंडी सांगून वाढवलेला कट्टा त्यात बसतो.

८. “वाद उद्भवल्यास ठेकेदाराने नेमलेल्या लवादाचा निर्णय उभय पक्षांवर बंधनकारक राहील.”

ज्याला निकालात रस आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले. त्यामुळे ही ओळ अशीच्या अशी टिकणे कठीण. लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. घरबांधणी ही ग्राहक कायद्याखाली सेवा आहे. मात्र खालचे दुकान निव्वळ व्यापारी हेतूचे ठरले तर तेवढ्या भागाबद्दल आयोगापुढे वाद घातला जाईल, हे लक्षात ठेवावे.

९. “वरील मजकूर वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.”

कागदात नाही त्याची यादी सहीच्या आधी करावी. मजुरांचा विमा कुणाचा? कामगार कल्याण उपकर कुणी भरायचा? आणि दोषांची मुदत. पुष्कळांना वाटते की रेरा कायद्याची पाच वर्षे आपोआप मिळतात. ती विक्रीसाठी बांधणाऱ्या प्रवर्तकाविरुद्ध आहेत, आपल्या जागेवर ठेक्याने बांधणाऱ्या मिस्त्रीविरुद्ध नाहीत. हवी असतील तर लिहून घ्यावी लागतात : रचनेच्या दोषांना पाच वर्षे, गळतीला निदान तीन पावसाळे, आणि कळवल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती.

सह्या प्रत्येक पानावर, रिकाम्या जागांवर तिरकी रेघ, टिंबांच्या जागी अक्षरांत आणि आकड्यांत रक्कम. जोडपत्रांवरही सह्या हव्यात. नकाशावर सगळे करतात, दरपत्रकावर राहून जाते.