इतिवृत्त, अनुराग आणि कालप्रवास : कोरियन ऐतिहासिक मालिकांच्या आकर्षणाची मीमांसा

जोसन राजवंशाचा तिसरा राजा तेजोंग १४०४ साली शिकारीच्या धावपळीत घोड्यावरून पडला. इजा झाली नाही. पण उठताच त्याने भोवतालच्या सेवकांना बजावले की, ही गोष्ट इतिवृत्तकाराच्या कानी जाऊ नये. हा प्रसंग आज ठाऊक आहे याचे कारण उघड आहे. इतिवृत्तकाराने राजाचे पडणे नोंदविले आणि ते लपविण्याची आज्ञाही नोंदविली.

कोरियन ऐतिहासिक मालिकांतील कालप्रवासाच्या प्रेमकथांचा विचार या नोंदीपासून सुरू करणे इष्ट ठरते. त्यांच्या लोकप्रियतेची जी स्पष्टीकरणे सर्रास दिली जातात (देखणे नट, रेशमी वेशभूषा, राजवाड्याचे वैभव, धकाधकीच्या वर्तमानातून पलायन) ती खोटी नाहीत. परंतु ती कोणत्याही पोशाखी प्रणयकथेला लागू पडतात. प्रणयकथेला कालप्रवासाचीच गरज का भासावी, याचे उत्तर त्यांत मिळत नाही. कोरियन समाजाचे आपल्या लिखित इतिहासाशी जे नाते आहे, त्यात ते शोधावे लागते.

'जोसन वांगजो सिल्लोक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजवृत्तांत १३९२ ते १८६३ या ४७२ वर्षांतील २५ राजांच्या कारकिर्दी नोंदल्या गेल्या आहेत. राजा हयात असताना दरबारी इतिवृत्तकार कच्च्या नोंदी करीत. राजाच्या मृत्यूनंतर त्यांच्या आधारे वृत्त सिद्ध होई. ते वाचण्याचा अधिकार प्रत्यक्ष राजालाही नव्हता. कोरियन लिपीचा जनक मानला जाणारा सेजोंग याने पित्याच्या कारकिर्दीचे वृत्त पाहू मागितले, तेव्हा मंत्र्यांनी त्यास नकार दिला. १९९७ साली युनेस्कोने या वृत्तांची जागतिक स्मृतिवारशात नोंद केली. पण मालिकांच्या दृष्टीने महत्त्वाची घटना त्यापूर्वी, १९९३ साली घडली होती. अभिजात चिनी भाषेत लिहिलेल्या या प्रचंड संहितेचा आधुनिक कोरियन अनुवाद त्या वर्षी पूर्ण झाला, आणि विद्वानांच्या कपाटातील इतिहास पटकथालेखकांच्या मेजावर आला. २००३ सालची 'दे जांग गुम' ही मालिका राजवृत्तांतील एका वैद्य स्त्रीच्या मोजक्या उल्लेखांवर उभी राहिली. 'सागुक' म्हणजे ऐतिहासिक नाट्य या प्रकाराचा प्रेक्षक अशा रीतीने एका ग्रंथाचा, निदान ऐकीव, वाचकही असतो.

कालप्रवासाच्या प्रेमकथा या प्रेक्षकापुढे एकाच वर्षी, २०१२ साली, गर्दी करून आल्या. 'रूफटॉप प्रिन्स'मध्ये जोसनचा युवराज ३०० वर्षे ओलांडून सोलमध्ये उतरतो. 'डॉक्टर जिन' या जपानी चित्रकथेवर आधारलेल्या मालिकेत आजचा मेंदू-शल्यविशारद १८६०च्या जोसनमध्ये जाऊन पडतो. 'फेथ'मध्ये एका शल्यविशारद स्त्रीला गोर्यो काळात, सेनानी छे योंग याच्याजवळ, नेले जाते. या साऱ्यांत रूपबंधाचे भान सर्वाधिक आहे ते 'क्वीन इन-ह्यून्स मॅन' या मालिकेला. राणी इनह्योन हिला १६८९ साली पदच्युत करण्यात आले आणि १६९४ साली पुन्हा सिंहासनावर बसविण्यात आले. राणीच्या पक्षाचा एक तरुण विद्वान १६९४ मधून आजच्या सोलमध्ये येतो, तो नेमका एका ऐतिहासिक मालिकेच्या चित्रीकरणस्थळी. आणि त्याची प्रेयसी होते ती त्या मालिकेत राणी इनह्योनची भूमिका करणारी नटी. पुढे हा विद्वान ग्रंथालयात जाऊन आपल्याच काळाचा इतिहास वाचतो. जिवंत माणसाने स्वतःविषयीची नोंद वाचावी, हा जो निषिद्ध प्रसंग राजालाही लाभला नव्हता, तो येथे एका सामान्य अधिकाऱ्याला लाभतो. या प्रकाराचे खरे केंद्र हे आहे. कालप्रवासी हा संहितेत पडलेला वाचक असतो.

ग्रीक शोकात्मिकेत अंत प्रेक्षकाला ठाऊक असतो, ईडिपसला नसतो. नाट्यगत उपरोध या विषमतेतून जन्मतो. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीच्या वाचकालाही थेऊर येथे १७७२ साली काय होणार हे पहिल्या पानापासून माहीत असते, रमाबाईंना नसते. कालप्रवासाची प्रेमकथा हे ज्ञान प्रेक्षागृहातून उचलून रंगमंचावर, थेट प्रेयसीच्या मनात, ठेवते. समोरच्या माणसाचे पुढे काय होणार हे माहीत नसणे ही प्रेमाची एरवीची अट; येथे तीच मोडली जाते. नायिकेने ज्याच्यावर प्रेम करायचे, त्याच्यावरचा निकाल शेकडो वर्षांपूर्वीच लागून गेलेला असतो, आणि तो तिने वाचलेला असतो.

२०१६ सालच्या 'मून लव्हर्स : स्कार्लेट हार्ट र्यो' या मालिकेत ही अवस्था तिच्या टोकाला जाते. मूळ कथा चिनी आहे. थोंग ह्वा या लेखिकेच्या कादंबरीवर २०११ साली चीनमध्ये मालिका निघाली; आणि त्याच वर्षी तेथील शासकीय यंत्रणेने कालप्रवासाच्या मालिका इतिहासाशी पोरखेळ करतात म्हणून त्यांच्यावर नापसंतीची मोहोर उमटविली. (सत्तेला या प्रकाराची धास्ती वाटावी, हे त्याच्या सामर्थ्याचे समीक्षकांनी दुर्लक्षिलेले एक प्रमाणपत्रच म्हणावे लागेल.) चिनी कथेतील सम्राट खांग्शीच्या पुत्रांचा वारसासंघर्ष कोरियन लेखकांनी दहाव्या शतकातील गोर्योमध्ये हलविला. तेथे संस्थापक वांग गन याला २९ पत्नी आणि २५ पुत्र होते. सूर्यग्रहणाच्या वेळी बुडालेली आजची एक तरुणी त्या राजपुत्रांमध्ये जागी होते. ग्वांगजोंग नावाचा राजा रक्तपिपासू होता एवढे तिला आठवते. या भावांपैकी ग्वांगजोंग होणारा कोणता, हे मात्र ठाऊक नसते. ज्याच्यावर तिचा जीव जडू लागतो तो वांग सो हाच ग्वांगजोंग होय हे तिला कळते, तो या मालिकेचा अत्युच्च क्षण आहे. सारा परिणाम एका नावाच्या ओळखीतून साधला जातो.

ऐतिहासिक ग्वांगजोंगचे (कारकीर्द ९४९ ते ९७५) चरित्र मुळातच दुभंगलेले आहे. त्याने ९५६ साली अन्यायाने दास केलेल्यांची चौकशी करून त्यांना मुक्त करण्याचा कायदा केला, ९५८ साली अधिकारपदांसाठी परीक्षापद्धती आणली. आणि पुढच्या वर्षांत सरदारांना व आप्तांनाही निष्ठुरपणे संपविले. छे सुंग-रो या मंत्र्याने ९८२ साली सादर केलेल्या निवेदनात या राजाची पहिली आठ वर्षे वाखाणली आहेत आणि उरलेल्यांवर कठोर ठपका ठेवला आहे. छे हा अभिजनांचा प्रतिनिधी होता, हे विसरता येत नाही. दासमुक्ती हा त्याच्या दृष्टीने पुण्याचा भाग नव्हता. शिवाय 'गोर्योसा' हा गोर्योचा इतिहास पुढच्या राजवंशाने १४५१ साली सिद्ध केला. म्हणजे निकाल देणारे न्यायालय निःपक्षपाती नव्हतेच. मालिका या फटीत शिरते, पण नोंद बदलत नाही. राजा हिंसक होतो, नायिका त्याला सोडून जाते आणि मरते. वर्तमानात जाग आल्यावर गोर्योविषयीच्या एका प्रदर्शनात चित्रांपुढे उभी राहून ती रडते. तिच्या साक्षीने निकाल फिरत नाही. इतिवृत्तकाराला जे दिसणे शक्य नव्हते ते पाहणारा एक साक्षीदार तेवढा वाढतो.

मराठीत जयंत नारळीकर यांच्या पानिपतविषयक विज्ञानकथेत एक इतिहासाचा प्राध्यापक विश्वासरावाला गोळी न लागलेल्या जगात जातो, तोही ग्रंथालयात शिरून वेगळी बखर वाचतो. तेथील जिज्ञासा कार्यकारणाची आहे : एक क्षण बदलला तर राष्ट्राचे काय झाले असते? कोरियन प्रेमकथेला राष्ट्राच्या भवितव्याची फारशी ओढ नाही. तिचा प्रश्न असा, की ज्याला ग्रंथाने दोषी ठरविले तो माणूस जवळून कसा दिसला असता?

हा प्रश्न सहृदयतेचा आहे, आणि धोक्याचाही. २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'मिस्टर क्वीन'मध्ये आजच्या एका पुरुष आचाऱ्याचा आत्मा राणी छोरिनच्या देहात जातो. तिचा पती छोलजोंग (कारकीर्द १८४९ ते १८६३) हा गंगह्वा बेटावरून उचलून आणून गादीवर बसविलेला, आंदोंग किम घराण्याच्या मुठीतला राजा. राजवृत्ते त्याच्याशीच संपतात. त्यानंतरच्या दोघांची वृत्ते जपानी अमलाखाली सिद्ध झाल्यामुळे परंपरा त्यांना जमेस धरीत नाही. या मालिकेत राजवृत्तांना बाजारगप्पांच्या पत्रकाची उपमा देणारे एक वाक्य आले आणि कोरियात एवढा क्षोभ उसळला की निर्मात्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. अखेरीस तर इतिहासच बदलतो; दुबळा राजा सुधारक ठरतो. विनोदाच्या अंगाने मालिका चतुर आहे, यात शंका नाही. परंतु १८६२ साली दक्षिणेतील शेतकरी ज्या करपीडनाविरुद्ध उठले, त्याचे निवारण राजाच्या सद्बुद्धीवर सोपविले की उठाव करणाऱ्यांची गरजच उरत नाही.

२०२५ सालच्या 'बॉन आपेती, युअर मॅजेस्टी'त हा पेच अधिक अवघड होतो. ज्या जाल-कादंबरीवरून ती घेतली, तिच्या शीर्षकात योन्सानगुन (कारकीर्द १४९४ ते १५०६) या कुप्रसिद्ध राजाचे नाव होते. मालिकेत त्याच्या जागी यी हन हा कल्पित राजा आला. आजची एक पाककुशल तरुणी ग्रहणाच्या वेळी 'मांगउनरोक' नावाची जुनी पोथी चाळताना त्याच्या काळात पडते. या पोथीत राजाचे खासगी मन लिहिलेले आहे. राजवृत्ताविरुद्ध उभी केलेली ही दुसरी संहिता. शासकीय नोंदीपुढे प्रेमपत्र. शेवटी राजा वर्तमानात तिला येऊन मिळतो, म्हणजे इतिहासाच्या कक्षेतून सुटतो.

खऱ्या योन्सानगुनची सुटका इतकी सोपी नाही. १४९८ साली किम इल-सोन या इतिवृत्तकाराच्या कच्च्या नोंदींतील मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचविला गेला. गुरू किम जोंग-जिक याचा, राजाच्या पणजोबाने पुतण्याची गादी बळकावल्यावर बोट ठेवणारा, एक लेख त्यात समाविष्ट होता. किम इल-सोनला देहदंड झाला आणि आधीच मृत झालेल्या गुरूचे प्रेत उकरून त्याची विटंबना करण्यात आली. १५०४ साली, आपल्या आईला दिलेल्या विषाचा सूड घेताना, राजाने दुसरे हत्याकांड घडविले. त्याच वर्षी निषेधाची पत्रके देशी लिपीत लागली म्हणून त्या लिपीवरच बंदी आणली. प्रांतोप्रांतीच्या तरुण स्त्रिया दरबाराच्या करमणुकीसाठी गोळा करण्यात आल्या. राजाने भ्यावे असे काही असेल तर तो इतिहासग्रंथ, या आशयाचे उद्गार त्याच्याच नावावर नोंदले गेले आहेत. येथे निकाल देणाऱ्यांनी त्या निकालाची किंमत प्राणांनी मोजली आहे. प्रेयसीच्या साक्षीने हा राजा निर्दोष ठरविला, तर किम इल-सोनची नोंद पुन्हा एकदा खोडली जाते. नाव बदलून मालिकेने ही खोडाखोड टाळली, असे म्हणता येईल; पण नाव बदलल्यामुळेच 'स्कार्लेट हार्ट र्यो'तील नाव ओळखण्याच्या क्षणाचे भयही तिने गमावले. ती अधिक रुचकर झाली, तशी कमी गंभीर.

योन्सानगुनच्या बाबतीत तर अशा साक्षीसाठी भविष्यातून कोणी येण्याची गरज नव्हती. १५०६ साली पदच्युत होऊन तो ग्योदोंग बेटावर त्याच वर्षी मरण पावला आणि तेथेच पुरला गेला. त्याच्याबरोबर पदच्युत झालेल्या शिन घराण्यातील राणीने पुढे नव्या राजाकडे त्याची कबर हलविण्याची विनंती केली; १५१३ साली ती मान्य होऊन कबर राजधानीच्या उत्तरेस, आजच्या सोलच्या बांगहाक भागात, आणली गेली. शिन १५३७ साली वारली आणि त्याच्याशेजारी विसावली. त्या थडग्यांना आजही राजसमाधीचा दर्जा नाही. तिच्या विनंतीची नोंद मात्र राजवृत्तात आहे.